उघडत नाही, तर दोष कुणाचा?



मागच्या गुरुवारी सत्संग संपल्यावर चहा घेताना एका ताईंनी आम्हाला विचारलं, "अहो, तुमची पत्रिका माझ्या फोनवर उघडतच नाही. नुसतं गोल गोल फिरत राहतं. दोष माझ्या फोनात आहे की तुमच्या पाठवण्यात?" पत्रिकेची सेवा करणाऱ्या आम्ही चौघी हसलो आणि त्यांचा फोन हातात घेतला. दोन मिनिटांत काम झालं. पण त्यांचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. उघडत नाही, तर दोष कुणाचा? हा प्रश्न आपण फोनपेक्षा माणसांच्या बाबतीतच जास्त वेळा विचारतो, आणि उत्तरही फार लवकर देऊन टाकतो. म्हणून या वेळी थोडं फोनबद्दल आणि थोडं आपल्याबद्दल लिहीत आहोत.

आधी माईंची गोष्ट सांगायला हवी. माई म्हणजे आपल्या परिवारातल्या एक ज्येष्ठ. लिहायला त्यांनी परवानगी दिली, पण नाव नको म्हणाल्या. वय ऐंशीच्या आसपास. इथे इंदूरला रामबागेकडे एका जुन्या घरात वरच्या मजल्यावर राहतात. गुडघ्यांमुळे जिना उतरणं बंद झालं तेव्हा मुलाने फोन घेऊन दिला. तेव्हापासून ग्रुपवर त्यांचा नमस्कार रोज सकाळी सहाच्या आत यायचा. एके दिवशी तो थांबला. आम्हाला ते लगेच कळलंही नाही. आठवडाभराने कुणीतरी म्हणालं, माई दिसत नाहीत बरेच दिवस.

त्याच सुमारास दत्तजयंतीच्या नैवेद्याची यादी झाली होती. पुरणपोळ्यांचं काम दरवर्षी माईंकडे असायचं, ते यंदा दुसरीकडे दिलं होतं. त्यांच्या गुडघ्यांचा विचार करूनच दिलं होतं, पण त्यांना विचारून दिलं नव्हतं. झालं, लगेच निष्कर्ष निघाला की माई रुसल्या. आमच्यातली एक म्हणाली, "इतकी वर्षं सेवा केली, पण मीपणा काही सुटत नाही." बाकीच्यांनी तिला अडवलं नाही. खरं सांगायचं तर आम्ही माना डोलावल्या.

त्यानंतर माईंची चाळीस वर्षांची मैत्रीण, आपल्याच परिवारातली, देवाघरी गेली. ग्रुपवर बातमी टाकली, अंत्यदर्शनाची वेळ टाकली, पुढे तेराव्याचा निरोपही टाकला. माईंकडून एक शब्द आला नाही. आता तर आमची खात्रीच पटली.

तेरावा झाल्यावर आमच्यातल्या दोघी माईंकडे गेल्या. समजूत काढायला गेल्या होत्या, हे आज लिहिताना लाज वाटते. दार उघडल्यावर पहिलं वाक्य माईच बोलल्या. "आलात? मला वाटलं, तुम्ही मला ग्रुपमधून काढून टाकलंत."

त्यांनी फोन पुढे केला. ॲप उघडलं की थोडा वेळ गोल फिरायचं आणि मग इंग्रजीत एक पाटी यायची. फोनमध्ये जागा उरलेली नाही, एवढाच तिचा अर्थ होता. तीन आठवड्यांहून जास्त दिवस एकही नवा मेसेज उतरलेला नव्हता. मुलाला विचारलं नाही का, असं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मागच्या वेळी विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "आई, तू काय दाबलंस?" म्हणून या वेळी विचारलंच नाही.

जागा कशाने भरली ते पाहिलं. शुभ सकाळची फुलं, दिव्यांची चित्रं, आरतीचे व्हिडिओ, एकच सुविचार सात जणांकडून आलेला. त्यातलं निम्म्याहून जास्त आपल्याच ग्रुपचं होतं. आम्हीच पाठवलेलं, भक्तिभावाने. आणि इतक्या दिवसांत आमच्यापैकी एकीनेही माईंना साधा फोन लावला नव्हता. फोनची घंटी वाजायला काही जागा लागत नाही.

मग मैत्रिणीचं सांगावं लागलं. माई बराच वेळ गप्प बसून राहिल्या. नंतर म्हणाल्या, "मी तिला दोनदा फोन लावला होता. उचलला नाही. मला वाटलं, तीही रागावली."

ही गोष्ट सांगून आम्हाला स्वतःला झोडपून घ्यायचं नाही. पण त्या दिवसापासून एक सवय लावून घेत आहोत. उघडत नाही असं दिसलं की निकाल देण्याआधी क्रमाने तपासायचं. फोनचंच उदाहरण घेऊ, कारण तिथे हा क्रम स्वच्छ दिसतो.

आपण कुठलंही ॲप उघडतो तेव्हा तीन ठिकाणं कामाला लागतात. एक आपलं घर, म्हणजे आपला फोन. दुसरा रस्ता, म्हणजे नेट. तिसरं समोरचं घर, म्हणजे त्या कंपनीचे मोठमोठे संगणक. बिघाड तिन्हींपैकी कुठेही असू शकतो, आणि आपल्याला मात्र सगळीकडे तेच गोल फिरताना दिसतं.

पहिलं आपलं घर. दुसरं एखादं ॲप किंवा बातम्यांचं पान उघडून पाहावं. तेही उघडत नसेल तर अडचण बहुधा नेटची. बाकी सगळं चालतंय आणि हेच अडलंय, तर ते ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडावं. तरी नाही तर फोन बंद करून चालू करावा. मग फोनची तारीख आणि वेळ पाहावी. हे ऐकून पुष्कळजण हसतात, पण समोरचा संगणक खरा आहे याची ओळख पटवणाऱ्या दाखल्यावर मुदत लिहिलेली असते. आपल्या फोनचं घड्याळच चुकलेलं असेल तर चांगला दाखलाही त्याला बाद वाटतो आणि तो दार उघडत नाही. सेटिंग्जमध्ये तारीख-वेळ आपोआप ठरू द्यावी, म्हणजे हा घोळ होत नाही.

मग जागा पाहावी. फोन गच्च भरू देऊ नये, एक-दोन जीबी तरी मोकळी ठेवावी. फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद करता येते. ती बंद केली की निम्मं ओझं कमी होतं. ॲपच्या माहितीत 'कॅशे' आणि 'डेटा' असे दोन शब्द दिसतात, त्यात गल्लत करू नये. कॅशे म्हणजे पुन्हा पुन्हा लागतं म्हणून ॲपने हाताशी ठेवलेला पसारा. तो पुसला तर बिघडत नाही, लागेल ते ॲप पुन्हा आणतं. डेटा पुसला तर मात्र बॅकअप नसल्यास जुने मेसेज कायमचे जाऊ शकतात. शेवटी ॲप फार जुनं झालंय का आणि नवं अपडेट आलंय का, तेही पाहून घ्यावं.

दुसरा रस्ता. घरच्या वायफायवर उघडत नसेल तर मोबाईलच्या नेटवर पाहावं, किंवा उलट. दहा सेकंद विमान मोड लावून काढावा, म्हणजे फोन टॉवरशी नव्याने जोडला जातो. दिवसाचा डेटा संपला असेल तर नेट असून नसल्यासारखं होतं. अशा वेळी अक्षरं येतात, पण चित्रं येत नाहीत.

तिसरं समोरचं घर. एखाद्या नातलगाला विचारावं, तोही शक्यतो दुसऱ्या गावचा आणि दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला. त्याचंही अडलं असेल तर आपण स्वस्थ बसावं. दुरुस्ती आपल्या हातात नाही.

या क्रमात दोन नियम आहेत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही. आणि जे मागे फिरवता येतं ते आधी करायचं, जे मागे फिरवता येत नाही ते अगदी शेवटी. ॲप काढून टाकणं, डेटा पुसणं ही कामं घाईने करायची नाहीत. आणि कंपनीचा माणूस बोलतोय असं सांगून कुणी ओटीपी मागितला तर तो कधीच द्यायचा नाही. अडलेला माणूस घाईत असतो, आणि फसवणारे त्या घाईवरच टपून असतात.

समोरच्या घरात किती मोठा बिघाड होऊ शकतो, त्याचं उदाहरण ४ ऑक्टोबर २०२१ चं आहे. त्या रात्री आपल्याकडे नऊ वाजून गेल्यावर फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम जगभर एकदम बंद पडलं. सुमारे सहा तास ते तसंच राहिलं. कारण ना हल्ला होता, ना चोरी. नेहमीच्या देखभालीचं काम चालू होतं. संगणकांच्या मोठ्या केंद्रांना जोडणाऱ्या जाळ्यावर किती भार पेलेल हे पाहण्यासाठी एक आज्ञा दिली गेली, आणि तिने सगळी जोडणीच तोडली. अशी चुकीची आज्ञा अडवण्यासाठी तपासणी होती, पण त्या तपासणीतच दोष होता. मग इंटरनेटला पत्ता सांगणाऱ्या त्यांच्या संगणकांना केंद्रं सापडेनात, म्हणून त्यांनी आपल्याकडे येण्याचे रस्तेच जाहीर करणं थांबवलं. घर जागेवर होतं, पण तिथे जायचं कसं ते जगात कुणालाच कळत नव्हतं. कर्मचाऱ्यांची आतली साधनंही त्याच जाळ्यावर चालत होती, तीही बंद. दुरुस्तीला माणसं प्रत्यक्ष केंद्रांवर पाठवावी लागली, आणि तिथला पहारा कडक असल्याने आत शिरायलाही वेळ गेला. दुसऱ्याच दिवशी कंपनीने काय चुकलं ते लेखी जाहीर केलं.

त्या रात्री आपण आपला फोन कितीही वेळा बंद-चालू केला असता तरी काही उपयोग नव्हता. दोष आपला नव्हताच.

इथेच आपला खरा प्रश्न येतो. आपल्याला शिकवण आहे की आधी स्वतःकडे पाहा. ती खरीच आहे. पण तिचा अर्थ आपण कधी कधी चुकीचा लावतो. स्वतःकडे आधी पाहणं हा तपासणीचा क्रम आहे, तो निकाल नाही. आपल्या घरापासून सुरुवात एवढ्यासाठी करायची, की तेवढंच आपल्या हातात असतं आणि ते मागे फिरवता येतं. पण पाहून झाल्यावर तिथे काही सापडलं नाही, तर नाही सापडलं असं म्हणताही आलं पाहिजे. विशेषतः आपल्या बायकांना. भाजी खारट झाली, पाहुणे नाराज झाले, मुलाला नोकरी लागली नाही, सगळीकडे "माझंच काहीतरी चुकलं असेल" असं म्हणत आपण आयुष्य काढतो आणि त्याला नम्रता समजतो. माई तीन आठवडे तेच करत होत्या. आपल्याला काढून टाकलं म्हणजे आपलंच काही चुकलं असणार, असं धरून त्या गप्प बसल्या. आम्ही उलट टोकाला होतो. आमच्याकडे न पाहताच आम्ही दोष समोरच्या घरी नेऊन ठेवला. दोन्हीकडे तपासणी झालीच नाही, निकाल मात्र लागला.

कुणी म्हणेल, माणूस म्हणजे काही फोन नाही. माणसं खरोखर रुसतातही. हो, रुसतात. पुरणपोळ्यांचं त्यांना न विचारता ठरवलं, याचं वाईट वाटलं का, असं आम्ही नंतर माईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "यादी मी पाहिलीच नव्हती. आता कळलं, तर थोडं वाटलंच." आम्ही माफी मागितली. म्हणजे आमच्या घरात दोष होता, फक्त आम्ही समजत होतो तो नव्हता. क्रमाने पाहिलं असतं तर दोन्ही वेळेवर सापडले असते. आणि माईंना मैत्रिणीचं शेवटचं दर्शन घडलं असतं. ते आता मागे फिरवता येणार नाही.

म्हणून आम्ही काही बदल केले आहेत. ग्रुपवर शुभ सकाळची चित्रं बंद केली. सणाला एखादं पुरे. पत्रिका फक्त अक्षरांत येईल, आरतीचा व्हिडिओ ज्यांना हवा त्यांनाच स्वतंत्र पाठवू. कुणाच्या निधनाची बातमी यापुढे साठीच्या पुढच्या प्रत्येकाला फोन करूनच सांगितली जाईल, त्यासाठी आम्ही चौघींनी नावं वाटून घेतली आहेत. आणि ज्यांचा फोन अडलाय त्यांच्यासाठी दर गुरुवारी सत्संगानंतर अर्धा तास बसू. "काय दाबलंस?" असं तिथे कुणीही विचारणार नाही.

माईंचा नमस्कार आता पुन्हा सहाच्या आत येतो. यंदा पुरण त्याच शिजवणार आहेत, त्यांच्याच घरी. आमच्यातल्या दोघी वर जाऊन पोळ्या लाटणार आहेत.

तुम्हाला एकच विनंती. हे वाचून झालं की ग्रुपमधली नावं एकदा खालपर्यंत पाहा. जे बरेच दिवस दिसले नाहीत त्यांच्यातल्या एकाला आज संध्याकाळच्या आत फोन लावा. मेसेज नको, फोनच लावा.

आपल्या,
पत्रिका सेवेतल्या भगिनी, इंदूर