चार अंगुळांची उंची

अमेरिकेत पिकअप ट्रक या नावाने ओळखली जाणारी, अर्धी मालवाहू आणि अर्धी घरगुती अशी जी मोटार आहे, ती कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा इंच-दोन इंच, क्वचित तीन इंचही उंच असते. आणि ही गोष्ट कोणा कारागिराच्या हलगर्जीपणाने घडलेली नसून कारखानदाराने रीतसर हिशेब मांडून, सहेतुक केलेली असते. मागच्या हौद्यात विटा, वाळू वा लाकूड भरले, अथवा मागच्या हुकाला ट्रेलर जोडला, की मागचे पाटे दबतात, आणि रिकामी असताना मान खाली घालून उभी असलेली गाडी ओझ्याखाली आल्यावर सपाट होते. फोर्डची एफ-१५० घ्या किंवा शेव्हरोलेची सिल्व्हराडो घ्या, तिची रिकामी अवस्था ही कारखानदाराच्या लेखी तात्पुरती असते. भार येईल असे गृहीत धरूनच तो तिला घडवितो, आणि न आलेल्या भारासाठी इंच-दोन इंचांची जागा आगाऊ राखून ठेवतो.

परंतु शेतावर आणि इमारतीच्या कामावर राबण्यासाठी जन्मलेले हे वाहन आता शहरांच्या उपनगरांतून कचेरीला जाण्यासाठी, मुलांना शाळेत पोहोचविण्यासाठी आणि दुकानातून दुधाच्या बाटल्या आणण्यासाठीही सर्रास वापरले जाते, त्यामुळे पुष्कळ मालकांना ते नित्य रिकामेच दिसते. घरापुढे उभी असलेली आपली गाडी नाक खाली घालून बसली आहे हे त्यांच्या डोळ्यांना खुपते. त्यावर तिकडच्या बाजारात दोन तोडगे मिळतात: लेव्हलिंग किट लावून नुसती पुढची बाजू उचलावयाची आणि मागच्या बरोबरीला आणावयाची, किंवा लिफ्ट किट लावून चारही अंगांनी गाडीच चार-सहा इंच वर न्यावयाची. डॅलसजवळ राहणाऱ्या माझ्या भाच्याने एके दिवशी दूरध्वनीवर मला विचारले, “मामा, नुसतं नाक वर उचलू, की अख्खी गाडीच उचलू?” यंत्रविद्येतील माझा अधिकार एस.टी.च्या खिडकीशेजारी बसण्यापलीकडे नाही, हे त्यास ठाऊक होते. तथापि इतर सर्वांची मसलत घेऊन झाल्यावर मामाच तेवढा उरला असावा. त्याच्या प्रश्नाचा तांत्रिक भाग मी यथाशक्ति समजून घेतला, आणि समजून घेता घेता मला असे दिसून आले की गाडी किती उचलावी हा प्रश्न अखेरीस सम कशाला म्हणावे या प्रश्नापाशी येऊन थांबतो.

लेव्हलिंग किट ही वस्तु दिसावयास अगदी क्षुल्लक आहे. पुढच्या स्ट्रटच्या डोक्यावर बसविण्याची धातूची एक जाड चकती, एवढाच पुष्कळदा तिचा संसार. स्ट्रट चाकाच्या बराच आतल्या बाजूस जोडलेला असल्याने तरफेचा नियम लागू पडतो, आणि इंचभर जाडीची चकती चाकापाशी जवळजवळ दोन इंचांची उंची देते. येथे स्प्रिंग तीच राहते, शॉक तोच राहतो, पुढच्या चाकांवर पडणारे वजनही सामान्यतः तेवढेच राहते. बदलते ती केवळ ठेवण. मात्र ही ठेवण फुकट बदलत नाही. खड्डा आला असता चाकास खाली उतरण्यासाठी जी जागा होती ती तेवढ्या मापाने कमी होते, वरच्या बॉल जॉइंटचा कोन तिरका होतो, चाकांचे अलाइनमेंट पुन्हा करून घ्यावे लागते, आणि दिव्यांचा झोत वर चढून समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाऊ लागतो, सबब तोही खाली उतरवून घ्यावा लागतो. उंची मिळाली ती दिसते. तिची किंमत जे अवयव भरतात ते चिखलाच्या आड असतात.

गीतेने समत्वाला जे थोर स्थान दिले आहे त्याविषयी आपल्याकडे इतके बोलले जाते की तो उपदेश कोठे झाला याचे भान सुटते. सर्व कामांतून निवृत्त होऊन झाडाखाली बसलेल्या माणसास तो केलेला नाही. दोन सैन्यांच्या मधोमध उभ्या केलेल्या रथात, ज्याच्या हातातून धनुष्य गळून पडले आहे आणि ज्याच्या खांद्यावर आयुष्यातील सर्वांत दुःसह भार येऊ घातला आहे, अशा माणसास तो केलेला आहे. ज्याच्यावर काहीच पडलेले नाही त्याची शांती पाहून आपण त्याला फार तर निवांत म्हणू. स्थितप्रज्ञ म्हणण्यास धजणार नाही. या दृष्टीने पाहता डेट्रॉइटच्या कारखानदाराने, गीतेचे नावही न घेता, गीतेस मानवेल असेच काहीसे केले आहे: सपाट होणे हे त्याने भाराच्या क्षणासाठी राखून ठेवले. उलटपक्षी जो मालक रिकामी गाडी सपाट करून घेतो आणि मग कधी तरी हौदा भरतो, त्याच्या गाडीचे बूड खाली बसते व नाक आभाळाकडे जाते, म्हणजे नेमक्या कामाच्या वेळी तिचे समत्व जाते.

येथपर्यंतचा युक्तिवाद मी मोठ्या समाधानाने भाच्यास ऐकविला. तो म्हणाला, “मामा, पण ओझं येतं वर्षातून एकदा, गणपतीत. मंडपाचे पाइप, स्टेजच्या फळ्या आणि ढोल भरलेला ट्रेलर ओढायचा, बस. त्या दोन दिवसांसाठी वर्षभर मान खाली घालून फिरायचं का?”

हा पूर्वपक्ष हसण्यावारी नेण्याजोगा नाही. येणाऱ्या कर्तव्यासाठी वाकून राहणे ही नम्रता खरी. परंतु जे कर्तव्य येणारच नाही, किंवा आले तर पाहुण्यासारखे येऊन जाईल, त्याच्यासाठी जन्मभर वाकून राहणे हिला नम्रता म्हणावे की निव्वळ शिरस्ता? आपल्या अवतीभवती अशी माणसे थोडी नाहीत, ज्यांच्या पाठी कोणत्याही भारामुळे वाकलेल्या नसतात. कोणा पूर्वजाने वा वरिष्ठाने त्या एकदा वाकविल्या आणि पुढे कोणी चौकशीच केली नाही. कारखानदाराने ठरविलेला कल हा सर्व गिऱ्हाइकांच्या संभाव्य ओझ्याचा सरासरी अदमास आहे. तो माझ्या भाच्याचा स्वधर्म नव्हे. स्वधर्म शोधावयाचा तर ज्याचा त्याने आपला भार मोजला पाहिजे. म्हणून पुढची बाजू इंच-दीड इंच उचलू पाहणाऱ्यास केवळ दिखाऊ ठरवून मोकळे होण्यास मी तयार नाही. रोजची अवस्था नीट असावी ही इच्छा शुद्ध सौंदर्यदृष्टीची असली तरी तिला संसारात मुभा असावी.

लिफ्टची बाब मात्र निराळी आहे. ती घाऊक उंची आहे. पुढच्या बाजूस स्वतंत्र सस्पेन्शन असलेली गाडी सहा इंच उचलावयाची म्हणजे कंट्रोल आर्मसाठी नवे आधार खाली आणावे लागतात, पुढचा डिफरन्शिअल त्यांच्याबरोबर खाली उतरवावा लागतो, ब्रेकच्या नळ्या पुरेनाशा होतात, मागे पाट्यांखाली ठोकळे घालावे लागतात. इतका खटाटोप करून जी उंची मिळते तिच्यात एक मौजेचा प्रकार आहे, आणि एखाद्या नैयायिकाच्या नजरेस तो पडता तर त्याने त्यावर एक प्रकरण लिहिले असते. ज्या गाडीच्या मागच्या बाजूस अखंड अॅक्सल असतो, तिच्या अॅक्सलच्या मध्यभागी लोंबणारा डिफरन्शिअलचा गोळा हाच बहुधा मागचा सर्वांत खालचा भाग असतो, आणि दगडावर आपटावयाचे झाले तर प्रथम तोच आपटतो. आता सस्पेन्शन कितीही उचला, तो गोळा तसूभरही वर येत नाही. कारण तो चाकांबरोबर आहे, स्प्रिंगांच्या खाली आहे. त्याला वर आणावयाचे तर टायरच मोठे घातले पाहिजेत, आणि ३३ इंचांच्या टायरऐवजी ३५ इंचांचे घातले तरी लाभ होतो तो निम्म्याचा, म्हणजे एका इंचाचा. तात्पर्य, सारी बैठक आकाशात गेली तरी दगडाशी असलेला व्यवहार पूर्वीच्याच ठिकाणी राहतो. कठोपनिषदाने शरीराला रथ म्हटले, बुद्धीला सारथी, मनाला लगाम, इंद्रियांना घोडे आणि विषयांना मार्ग म्हटले. परंतु रथ आणि मार्ग यांच्या दरम्यान जे काही असते त्याचा खुलासा केला नाही. त्या काळी स्प्रिंगा नव्हत्या, हे त्याचे एक साधे कारण असू शकेल.

रथाच्या उंचीचा विषय निघाला म्हणून युधिष्ठिराच्या रथाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. त्याच्या सत्यनिष्ठेमुळे त्याचा रथ जमिनीपासून चार अंगुळे वर चालत असे, आणि अश्वत्थाम्याच्या मृत्यूविषयीचे ते अर्धसत्य त्याच्या मुखातून बाहेर पडताच तो रथ भूमीस टेकला, अशी द्रोणपर्वातील कथा आहे. अंगुळ पाऊण इंचाचे धरले तर चार अंगुळे म्हणजे तीन इंच होतात. धर्मराजास मिळालेली लिफ्ट ही डॅलसच्या मानाने अगदीच बेताची होती. आपण या कथेतील पतनावर इतके खिळून राहतो की उन्नतीच्या स्वरूपाकडे आपले लक्ष जात नाही. ती उंची त्याने मागितलेली नव्हती, बसवून घेतलेली नव्हती, आणि तिच्यामुळे त्याचा एक तरी शत्रू अधिक लवकर पडला असे व्यास म्हणत नाहीत. शिवाय त्या चार अंगुळांमुळे कोणाचे अहितही झाले नाही. मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. उंचीचा दोष उंच असण्यात नसतो. ती उंची कोणाच्या जिवावर उभी आहे, हे पाहावे लागते.

आणि येथे अमेरिकेतील दप्तरे बोलू लागतात. गाडी उलटण्याचा संभव मोजण्यासाठी तेथील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन २००१ पासून जे गणित वापरीत आले आहे, त्याचा पाया अगदी सरळ आहे: डाव्या व उजव्या चाकांमधील अंतराच्या निम्म्यास गुरुत्वमध्याच्या उंचीने भागावयाचे. भाजक वाढला की भागाकार घटतो. यात श्रद्धेचा प्रश्नच येत नाही. हा धोका निदान मालकाचा स्वतःचा, आणि त्याच्या शेजारी बसलेल्यांचा. पण महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की ज्यांचे बॉनेट ४० इंचांहून उंच आहे अशा वाहनांच्या धडकेत पादचारी दगावण्याचे प्रमाण, ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या वाहनांपेक्षा, सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते. ठेंगणे वाहन माणसास पायांशी धडकून वर उडविते. उंच वाहन त्याच्या छातीशी, मुलाच्या तर डोक्याशी भिडते. पुष्कळ मोठे पिकअप कारखान्यातूनच या ४० इंचांच्या पलीकडे असतात. त्यावर आणखी सहा इंच चढविणाऱ्याने आपण ते कोणासाठी चढवितो, याचा जाबसाल निदान स्वतःशी करावयास हवा. अहिंसेची व्याख्या करताना आपल्या पूर्वसूरींनी पायाखालच्या मुंगीपर्यंत विचार केला. बॉनेटपुढे रस्ता ओलांडणारे मूल चालकास दिसते की नाही, हा त्याच विचाराचा विस्तार आहे.

या उंचीच्या हव्यासाने एक विपरीत रूपही घेतले. आग्नेय अमेरिकेतील काही तरुणांनी गाडीचे नाक उचलून बूड मुद्दाम खाली बसविण्याची रीत अंगीकारली, ज्यात चालकास रस्त्यापेक्षा आभाळच अधिक दिसते. नॉर्थ कॅरोलायनाने १ डिसेंबर २०२१ पासून, पुढची बाजू मागच्यापेक्षा चार इंच वा अधिक उंच असलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणण्यास मनाई केली. २०२२ मध्ये व्हर्जिनियाने आणि २०२३ मध्ये साउथ कॅरोलायनाने तशीच पावले उचलली. धर्मराजाची चार अंगुळे आणि कायद्याचे चार इंच यांचा मेळ योगायोगाचा असला तरी मला तो आवडतो.

भाच्यास मी एवढीच तजवीज सांगितली: गणपतीचा तो भरलेला ट्रेलर एकदा जोड, महामार्गावरच्या वजनकाट्यावर गाडी ने, आणि चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर रिकामे असताना व भरल्यावर मोजून मग बोल. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग हुकावर पडावा असा दंडक आहे. हूक मागच्या अॅक्सलच्याही मागे असल्याने तो भार मागची बाजू दाबतो आणि पुढची हलकी करतो. आपल्याकडे मागे फार भरलेली बैलगाडी उलाळते, जू वर उचलले जाते, बैलांच्या गळ्यांना फास बसू लागतो आणि गाडीवान घाईघाईने पुढे सरकून बसतो, तसलाच हा प्रकार. त्याने मोजले. पाच हजार पौंडांचा ट्रेलर जोडताच मागची बाजू खाली आली आणि कारखान्याचा तो कल जवळजवळ नाहीसा झाला. माझ्या पक्षाचा विजय झाला असे मी समजून चाललो होतो.

पण त्याच्या गॅरेजवाल्याने लेव्हलिंग आणि लिफ्ट या दोहोंच्या पलीकडचा तिसरा मार्ग काढला. पुढे दीड इंच उचलणारी चकती, आणि मागे पाट्यांच्या जोडीला हवेच्या दोन पिशव्या: गाडी रिकामी असताना त्यांत पाच पौंडांची किमान हवा ठेवावयाची, कारण पूर्ण रिकाम्या ठेवल्यास त्या चुरगळून फाटतात, आणि ट्रेलर जोडला की गाडी सपाट होईपर्यंत हवा भरावयाची. गाडीची कायदेशीर भारक्षमता त्याने कणभरही वाढत नाही, हे गॅरेजवाल्याने दोनदा बजावले, म्हणून मला तो माणूस विश्वासू वाटला. रिकामेपणी सम आणि भाराखालीही सम, अशी ही सोय आहे. तिला प्रत्येक वेळी नव्याने हवा भरावी लागते, ही एकच अट. गेल्या आठवड्यात भाच्याचा पुन्हा दूरध्वनी आला. “मामा, लिफ्ट नाही घेतली. पिशव्याच बसवतोय.” मी विचारले की मिरवणुकीच्या आदल्या रात्री, मंडपाची घाई चालू असताना, आठवणीने हवा भरणार कोण? तो म्हणाला की ते काम त्याने बायकोच्या नावावर लिहून ठेवले आहे. तिला त्याची वर्दी अद्याप दिलेली नाही.