हात गुंतलेले, कान मोकळे

मेथी निवडताना जेवढं नीट ऐकून होतं तेवढं खुर्चीत बसून होत नाही. बीबीसी रेडिओ ४ वर मेल्विन ब्रॅग यांनी १९९८पासून पाव शतकाहून अधिक काळ चालवलेला 'इन अवर टाइम' हा कार्यक्रम मी असाच ऐकत आलो. एक विषय, त्यातले तीन जाणकार आणि जेमतेम पाऊण तास. कधी सम्राट अशोक, कधी प्रकाशसंश्लेषण. नुसतं बसून ऐकायला घेतलं की दहाव्या मिनिटाला हात मोबाइलकडे वळतो. जुडी सोडून बसलं, की शेवटचं वाक्य संपेपर्यंत लक्ष जागेवर असतं.

काम करता करता ऐकणं म्हणजे अर्धवट ऐकणं, असं बरेच जण मानतात. मला ते पटत नाही. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली एक मांडणी केली. हातातल्या कामापुरतं लक्षात ठेवणारी आपली स्मृती एकजिनसी नाही, शब्दांची सोय तिच्यात वेगळी आणि दृश्याची वेगळी, असं त्यांचं म्हणणं. मेथीपुढे बसलं की ते पटतं. मुळं तोडायची, पान खुडायचं, कोवळा देठ ठेवायचा, जून टाकायचा, पिवळं पान बाजूला सारायचं. हे सगळं डोळे आणि बोटं ठरवतात, त्यात एकही शब्द लागत नाही. तेच किराणामालाची यादी करायला घ्या किंवा कुकरच्या शिट्ट्या मोजा, कानातला माणूस तत्क्षणी परका होतो. यादी आणि मोजणी दोन्ही शब्दांचीच कामं, एका जागेसाठी भांडणारी. भांडी, घड्या, इस्त्री, लसूण सोलणं ही ऐकण्याची कामं आहेत. हिशेब नाही, आणि पहिल्यांदाच करून पाहायचा पदार्थही नाही.

कामाबरोबर ऐकण्याचा इतिहास शोधताना मला सगळ्यात जास्त भावले ते क्युबातले सिगार वळणारे कामगार. १८६५ साली हवानाच्या 'एल फिगारो' कारखान्यात एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी तंबाखू वळत ऐकायचं, अशी प्रथा सुरू झाली. पुढे ती इतर कारखान्यांत पसरली. वाचणाऱ्याचा पगार मालक देत नसे, कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढत. सकाळी वर्तमानपत्रं, मग कादंबरी. आणि कादंबरी कोणती, यावर मतदान व्हायचं. ड्यूमाची 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' इतकी लाडकी ठरली की 'माँटेक्रिस्टो' नावाचा सिगार आजही विकला जातो. वाचन आवडलं की कामगार पान कापायचं पातं टेबलावर ठोकून दाद देत. वर्षभरातच, १८६६मध्ये, स्पॅनिश सत्तेने या वाचनावर बंदी घातली. पुढे ही प्रथा फ्लॉरिडातल्या टॅम्पापर्यंत गेली, आणि तिथल्या मालकांनी १९३१ साली ती मोडून काढली. वाचनाने काम मंदावतं म्हणून हे घडलं नाही. हात चालूच होते. डोकीही चालू लागली होती, हे सत्तेला आणि मालकांना सोसवेना.

आपल्याकडे कण्णूरच्या विडी कामगारांत हीच रीत होती. १९६९ साली स्थापन झालेल्या केरळ दिनेश बीडी सहकारी संस्थेत एकजण वर्तमानपत्र वाचायचा आणि तेवढ्या वेळाच्या त्याच्या विड्या बाकीचे वळून द्यायचे. एकाच्या आवाजाची किंमत सगळ्यांनी मिळून फेडायची, याहून सुंदर व्यवस्था मला माहीत नाही. आपल्या बाया जात्यावर ऐकतही होत्या आणि रचतही होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने गावोगाव फिरून लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, त्या कोणा एकीच्या नाहीत. एकीने म्हटलेली दुसरीने उचलायची, त्यात आपली भर घालायची.

पॉडकास्टने आपल्याला अफाट दिलं. कोणताही विषय, कोणत्याही घटकेला, फुकट. पण ऐकणं एकट्याचं झालं, याची मला मनापासून हळहळ वाटते. एका घरात चौघं, चौघांच्या कानात चार वेगळी माणसं बोलताहेत, आणि चौघांपैकी कोणाला त्यातलं काही पटलं नाही तर ते सांगायचं कोणाला?

म्हणून मला गाडी महत्त्वाची वाटते. गाडीत आवाज स्पीकरवर येतो आणि सगळ्यांचा होतो. चालवणाऱ्याच्या लक्षाचं काय, हा प्रश्न रास्त आहे. युटा विद्यापीठातले डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३मध्ये गाडी चालवताना मनावर पडणारा भार मोजला. रेडिओ किंवा ध्वनिपुस्तक ऐकण्याचा भार थोडा निघाला, फोनवर बोलण्याचा त्याहून स्पष्टपणे जास्त, मग फोन हातात नसला तरीही. मला याचं कारण उत्तरात दिसतं. फोनवरचा माणूस आपल्या उत्तराची वाट बघत असतो. पॉडकास्टमधल्या माणसाला आपण खंबाटकी घाटात चार वाक्यं ऐकली नाहीत तरी चालतं. मात्र प्रत्येक कार्यक्रमाचं तसं नाही. २०१४मधलं 'सीरियल' हे माझ्या मते या माध्यमातलं अव्वल काम, पण साराह केनिग त्यात पुरावा पुराव्याला असा जोडत जाते की एक दुवा सुटला तर पुढचं सारं निसटतं. ते भांड्यांबरोबर ऐकावं. धो धो पावसात, धुक्यात, अनोळखी गावात शिरताना तर सगळंच बंद करावं.

पुणे-कोल्हापूर रस्त्याला जोडी जमते ती लांबलचक गप्पांची. अमित वर्मांच्या 'द सीन अँड द अनसीन'चे कित्येक भाग काही तासांचे आहेत. मराठीत 'अमुक तमुक' लावलं की गाडीतली माणसं दहा मिनिटांत मध्ये बोलू लागतात, आणि तिथेच ऐकणं सुफळ होतं. दीडपट वेगाने ऐकण्याच्या मी ठाम विरोधात आहे. बोलणारा थांबतो तेवढ्याच फटीत आपला विचार शिरतो, आणि वेग वाढवला की सगळ्यात आधी ती फट जाते.

गेल्या दिवाळीपासून घरातही आम्ही इयरफोन बाजूला ठेवून पाहतो आहोत. रविवारी मटार सोलायचे असोत की वर्षाची डाळ निवडायची असो, सगळे एका चटईवर आणि फोन मधोमध स्पीकरवर. काय लावायचं ते पाळीपाळीने ठरतं. लेकीने एकदा कृष्णविवरांवरचा भाग लावला. आई सुरुवातीला गप्प होती, मग म्हणाली, "थांबव जरा. प्रकाशसुद्धा बाहेर येत नाही, तर ते तिथे आहे हे यांना कळलं कसं?" लेकीने थांबवलं. तिलाही नेमकं सांगता येईना, म्हणून पुन्हा मागे जाऊन तोच तुकडा दोघींनी ऐकला. त्या दिवशी पाऊण तासाचा भाग संपायला दोन तास लागले. पुढच्या रविवारी पाळी आईची आहे, आणि ती काय लावणार ते तिने अजून कोणाला सांगितलेलं नाही.