थोडं मागे राहू या



वसंतातली सकाळ. पनवेलजवळच्या कर्नाळा अभयारण्यात एक गट पायवाटेने निघाला आहे. पांगारा फुललाय. कुठूनतरी तांबटाचा आवाज येतो, टुक, टुक, टुक. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा.

पुढचा माणूस हात वर करतो. सगळे थांबतात. वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला एक गोल ढोली आहे, तांबटाने चोचीने कोरलेली. तिच्यातून लाल कपाळ डोकावतं. उंच गृहस्थ बाजूला होतात, मागच्या मुलीला दिसावं म्हणून. दुर्बीण हातोहात फिरते. पुढे मात्र कुणी जात नाही.

थोडं मागे राहू या.

जे आवडतं, त्याच्या जवळ जावंसं वाटतं. पण घरट्यापाशी माणसं रेंगाळली, की पक्षी परतायला कचरतात. अंडी गार पडतात. आपली माया त्यांच्या जिवावर बेतते.

घरातही असंच होतं ना? मुलगी गप्प बसलेली दिसते आणि आपण प्रश्नांची सरबत्ती करतो. थोडं मागे राहू या. तिला वेळ देऊ या. ती आपणहून बोलेल. मला तर वाटतं, रानात थांबायला शिकलेला माणूस घरीही हळुवार होतो.

श्रोतेहो, या वसंतात रानात जरूर जा. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नका. आणि घरटं दिसलंच, तर त्याचा पत्ता कुणालाही सांगू नका.