झाकली मूठ

इंदुरीला आमचं घर गढीपासून हाकेच्या अंतरावर आहे. सरसेनापती खंडेराव दाभाड्यांनी ही गढी १७२०-२१ च्या सुमारास बांधली. बुरुजांमधला भक्कम दरवाजा अजून उभा आहे. आत कडजाईचं देऊळ आहे आणि दर्शनाला सगळ्यांना मुभा आहे. अशा मोकळ्याढाकळ्या गावात राहून मी संगणकातल्या फोटोंना कुलूप लावायला निघालो, हेच सौ.ला पटेना.

"अहो, घरात चोर कोण?" तिनं विचारलं.

घरात माणसं तीन. ती स्वतःला वगळणार, मी मला वगळणार. उरला सुट्टीला आलेला पुतण्या, आणि कुलूप कसं लावायचं हे तोच मला शिकवत होता!

फोल्डर 'हिडन' करून मी आजवर निर्धास्त होतो. पुतण्या म्हणाला, "काका, हा नुसता पडदा. एका खुणेनं बाजूला होतो."

"पण संगणक सुरू करताना पासवर्ड विचारतो की!"

"ती दाराची कडी. आतली डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तर कडी राहिली दारापाशी आणि फोटो गेले बाहेर."

खरं कुलूप म्हणे एन्क्रिप्शनचं. ते फोटोतले आकडे असे घुसळून टाकतं, की पासवर्डाशिवाय त्यांतून काही उमगत नाही. मात्र पासवर्ड विसरलात तर मालकही बाहेरच. तळेगावच्या बाजारात जाऊन दुसरी किल्ली करून आणता येत नाही.

आता आत काय आहे ते सांगतो. आईच्या शेवटच्या आजारातले फोटो आहेत. अंथरुणावर पडून पाठीला झालेल्या जखमा डॉक्टरांना दाखवायच्या, म्हणून काढलेले. आई अशी, की फोटो म्हटला की आधी पदर सारखा करणार, मग चष्मा काढणार. हे फोटो काढताना तिला विचारावं अशी तिची अवस्थाच नव्हती. कॅमेरा माझा, संगणक माझा; पण लाज तिची. मग फोटो कुणाचे?

दार लावलं की आत काहीतरी काळंबेरं असणार, असं आपण सहज धरून चालतो. पण गावाजवळच्या भंडारा डोंगरावर एकांतात बसणाऱ्या तुकोबांवर लपवाछपवीचा आळ आपण घेत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीही २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं, की खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे. माझ्या आईला कायदा ठाऊक नव्हता, पदर ठाऊक होता. लपवणारा स्वतःला सांभाळतो. मला तिला झाकायचं होतं.

"मग पुसूनच का टाकत नाही?" सौ.नं विचारलं.

मी पुसायला बसलोही होतो. पण एका फोटोच्या कोपऱ्यात आईनं एक हात घट्ट धरलेला दिसला. हिरव्या बांगड्यांचा. जखमा रोज धुणारा तो हात सौ.चाच होता. जिनं सगळं पाहिलं आणि सोसलं, तिच्यापासूनच मी झाकाझाकी करत होतो!

निमूटपणे पासवर्ड तिला सांगितला. फोटो काही तिनं उघडले नाहीत. पासवर्ड तेवढा कागदावर लिहिला आणि ट्रंकेतल्या आईच्या लुगड्याच्या घडीत ठेवून दिला.

ट्रंकेला कुलूप नाही.