गाडी हलण्याआधी

इंग्लंडमधली सकाळ. गवत ओलं आहे. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत, दोघींचे टप उघडे.

घाई नको. श्वास घ्या. सावकाश सोडा.

डावीकडे एमजीबी, ॲबिंग्डनची. उजवीकडे लोटस एलान. दोघींचा जन्म 1962 चा. बसायला दोघांपुरतीच जागा.

वेग विचारू नका. किंमतही नको. आज फक्त हात.

तळवा एमजीबीच्या दारावर ठेवा. पोलाद आहे. गार. तो गारवा मनगटाकडे चढतो. चढू द्या.

बोटानं हलकेच टकटक करा. आवाज येतो आणि जरासा मागे रेंगाळतो. ऐका.

आता हात खाली न्या, दाराच्या उंबऱ्यापाशी. या गाडीला वेगळी चासी नाही. हे पत्रेच भार पेलतात. आणि गंज नेमका इथेच धरतो, आतून. जुनी एमजीबी घ्यायला आलेला जाणता माणूस खिशातून लहानसं लोहचुंबक काढून इथे लावतो. पत्रा असेल तिथे ते टक्कन बसतं. लांबी भरलेली असेल तिथे घसरतं, वरचा रंग कितीही चकचकीत असो.

ती ओढ बोटांना जाणवते का? तिथेच थांबा.

श्वास घ्या.

आता एलान. तळवा ठेवा. इथला गारवा उथळ आहे. फायबरचं अंग हाताची ऊब लगेच धरतं. टकटक करा. आवाज मुका, आल्या आल्या संपणारा.

लोहचुंबक इथे बसतच नाही. पोलाद आहे, पण पोटात, डोळ्यांआड: मधोमध गेलेला एकच कणा, दोन्ही टोकांना फाटे फुटलेला. लोटस उभी करणाऱ्या कॉलिन चॅपमनला वजनाचा तिटकारा होता. अख्खी गाडी 700 किलोच्या आत. शेजारची 900 च्या वर.

मला विचाराल तर पोलादाचा गारवा जवळचा वाटतो. पण तुमचा हात काय सांगतो, ते बघा.

आत बसा. एलानमध्येच. पाय लांब पसरतात, रस्ता अगदी जवळ येतो.

इंजिन सुरू करा. लय धरेपर्यंत थांबा.

पहिला गिअर. क्लच सोडा, हळू.

गाडी लगेच निघत नाही. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांच्या टोकांना रबराच्या जाड कड्या आहेत. ओलं धोतर पिळावं तसा त्यांना आधी पीळ बसतो. मग गाडी हलते. पाय घाईत असेल तर ती पुढे-मागे हिसके देते.

तो पीळ पाठीला जाणवतो. अगदी क्षणभर.

निसटला? हरकत नाही. ब्रेक दाबा. गिअर काढा. श्वास घ्या.

पुन्हा पहिला गिअर. पुन्हा क्लच. या वेळी अजून हळू.