उसाचं नाव कोण काढणार?

पाण्याच्या नावाने वर्गणी मागत फिरणारा माणूस लातुरात सहसा रिकाम्या हाताने परतत नाही. २०१६ च्या मार्चमध्ये इथे पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागलं होतं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. आधी दहा वाघिणी, पाच लाख लिटर, पुढे पन्नास वाघिणींची गाडी, पंचवीस लाख लिटर. त्याच एप्रिलमध्ये गावाने ‘जलयुक्त लातूर’ उभं केलं. कोट्यवधी रुपये जमले आणि साई ते नागझरी या मांजरेच्या अठरा किलोमीटरच्या कोरड्या पात्रात पोकलेन उतरले. सरकारची वाट कोणी पाहिली नाही. त्या वर्षी पाऊसही भरभरून झाला आणि खोदलेलं पात्र तुडुंब भरलं. पुलावर गाड्या थांबवून लोक पाणी बघत उभे राहायचे.

झाडांचंही तसंच. जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही. अशा ठिकाणी ‘ग्रीन लातूर वृक्ष टीम’ १ जून २०१९ पासून नेमाने राबते आहे. जून-जुलैत फोटोपुरती रोपं लावणारे सगळीकडे असतात. पण एप्रिलच्या उन्हात दुभाजकातल्या झाडाचं आळं भरायला टँकरचा पाइप धरून उभं राहणं वेगळं. भेगाळलेली काळी माती आधी नुसती पाणी गिळते, मग बुडबुडे येतात, मग कुठे आळ्यात पाणी ठरतं. तेवढा वेळ पाइप हलवायचा नाही. पक्कड घेऊन खोडातले खिळे उपटणारेही आहेत. लातूर हे शिकवण्यांचं गाव, त्यामुळे कडुनिंबाच्या अंगावर मेडिकलच्या प्रवेशाची हमी ठोकलेली असते.

या सगळ्या कामांबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच एक गोष्ट खटकते. नदी खोदायला सगळे येतात, झाड लावायला सगळे येतात, कारण त्यात कोणाचं काही जात नाही. बैठकीत कोणी उसाचं नाव काढलं की मात्र खुर्च्या सरकायला लागतात. “मुद्दा बरोबर आहे, पण तो आपल्या हातातला नाही,” असं कोणीतरी सौम्यपणे म्हणतं आणि विषय ट्री-गार्डच्या रंगावर येतो.

हिशेब करायला कागदाची पाठकोरी बाजूही पुरते. पाटाने भिजवलेल्या उसाला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. आपला पाऊस सरासरी सातशे-आठशे. उरलेलं धरणातून नाहीतर बोअरमधून उपसायचं. एका एकराला ते पन्नास लाख लिटरच्या आसपास जातं, म्हणजे मिरजेच्या त्या पन्नास वाघिणींच्या दोन गाड्या. एका एकराला! शहर प्लॅटफॉर्मवर ज्या पाण्याचे फोटो काढत होतं, तेवढं पाणी एखाद्या शिवारातल्या दोन-चार बांधांच्या आत मुकाट जिरत होतं. आणि हे काही गुपित नाही. २०१९ मध्ये विभागीय आयुक्तालयाने मराठवाड्यात ऊस बंद करावा असा अहवाल शासनाला दिला होता. आजही गाळपाच्या हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलींची रांग बघितली की त्या अहवालाचं काय झालं ते वेगळं विचारायला नको.

तरी ऊसवाल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं मला पटत नाही. त्यालाही भूजल कळतं. सातशे फुटांवर फुफाटा उडालेली बोअर त्याच्याच रानात असते. पण ज्याचा भाव कायद्याने बांधलेला आणि ज्याची नोंद घेऊन तोडायला टोळी रानात येते, असं दुसरं पीक त्याच्यापाशी नाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि लातूरच्याच बाजारात सोयाबीन त्याच्या बरंच खाली विकलं जात होतं. शहरातली मंडळी त्याला पाण्याचे धडे द्यायला गेली, तर तो आडतीची पट्टी पुढे करेल. त्यावर काय बोलायचं?

त्यात आता आभाळाचा भरवसा दोन्ही बाजूंनी गेला आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात एका रात्रीच्या पावसाने लेंडी धरणाच्या परिसरातली रावणगाव, हसनाळ ही गावं पाण्यात गेली, माणसं गेली, लष्कराला बोलवावं लागलं. सप्टेंबरात मराठवाडाभर नद्या रानात शिरल्या, कित्येकांची जमीन खरडून गेली, काढणीला आलेलं सोयाबीन जागेवर सडलं. “ऊस निदान तगला,” असं त्यानंतर शेतकरी म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. म्हणजे हवामान जितकं बेभरवशाचं, तितका पाणी पिणाऱ्या पिकाकडे ओढा जास्त. हे कोडं झाडं लावून सुटणार नाही.

याच हवामानासाठी ग्रेटा थुनबर्ग २०१८ मध्ये स्टॉकहोमला स्वीडनच्या संसदेसमोर फलक घेऊन बसली. तिच्यावरचं ‘ग्रेटाची हाक’ हे मराठी पुस्तक लिहिलं लातूरच्याच अतुल देऊळगावकरांनी, हा योगायोग मला आवडतो. पण संसदेला खडसावणं त्या मानाने सोपं, असं म्हटलं तर चालेल का? तिथे समोर कोणी सोयरा नसतो. लातुरात ज्याला ‘ऊस कमी कर’ म्हणायचं तो मेव्हणा असतो, वर्गमित्र असतो, वृक्षारोपणाला खड्डे खोदायला ट्रॅक्टर देणाराही तोच असतो. त्याच्या उसाच्या बिलावर पोराची शिकवणीची फी भरली जाते, आणि त्या फीवर शहराचा निम्मा बाजार चालतो. म्हणजे शहरसुद्धा ऊसच खातं, फक्त ते सोलून.

उसाचं नाव उघडपणे घेणारे थोडे आहेत. औसा तालुक्यातल्या लोदग्याचे पाशा पटेल गेली काही वर्षं उसाऐवजी बांबूचा धोशा लावून बसले आहेत. त्यांचा उत्साह कधीकधी इतका उतू जातो की बांबू म्हणजे सगळ्या दुखण्यांवर एकच मात्रा, असं वाटावं. ते काही खरं नाही. पण त्यांची एक रीत मला नेमकी वाटते. ते पर्यावरणावर बोलता बोलता लगेच फर्निचर, औष्णिक वीज केंद्रात कोळशाबरोबर जाळायचा बांबू, सरकारी अनुदान यांवर येतात. कारण ऊस मोडायला निघालेला माणूस आधी तीनच गोष्टी विचारतो: घेणार कोण, कोणत्या भावाने, आणि पैसे किती दिवसांत? लोदग्यात निदान त्या प्रश्नांना बगल दिली जात नाही. नदी खोदणाऱ्यांनी आणि आळी भरणाऱ्यांनी पुढची बैठक एकदा औशाच्या बाजूला, ऊसवाल्यांच्याच ओट्यावर घ्यावी. सोबत एखादा आडत्या न्यावा, जिल्हा बँकेचा माणूस न्यावा, आणि आडतीच्या पट्ट्यांची थप्पीही.