एक पट्टी, दोन नावे

पेटीवर पांढरी एक हा षड्ज धरला, की काळी दोन हा आपला कोमल गंधार. गाण्याच्या क्लासला दोन महिने गेलेले पोरही हे सांगेल. पण शेजारच्या कानडी घरातली, कर्नाटक पद्धतीचे गाणे शिकणारी मुलगी तुम्हालाच उलट विचारील, "राग कोणता?" कारण तिच्या लेखी तीच पट्टी एका रागात साधारण गांधार असते, तर दुसऱ्यात षट्श्रुती ऋषभ. पियानोवाल्यांचीही हीच तऱ्हा. तीच पट्टी त्यांना कधी ई फ्लॅट, कधी डी शार्प.

यावर आपल्या दुभाषी गावांत एक ठरलेले उत्तर असते: नावे दोन, वस्तू एक, मग भांडता कशाला? उत्तर सद्भावनेचे आहे, पण मला ते पुरेसे वाटत नाही. दुसरे नाव जर नुसता पोकळ मान असेल, तर ते पुसल्याने काहीही हरवता कामा नये. खरोखर काही हरवत नाही काय?

कर्नाटक पद्धतीत सप्तकातल्या जागा बाराच, पण स्वरनामे सोळा. चार जागांना दोन-दोन नावे आहेत. नियम असा की मेळात सातही स्वर आपापल्या नावाने एकेकदा यावेत. आता चलनाट मेळ घ्या. षड्जानंतर थेट काळी दोन आणि तिच्या लगेच पुढे पांढरी तीन. पांढरी तीनवर अंतर गांधार बसलेला असल्यामुळे काळी दोनला ऋषभाचेच काम करावे लागते. तिला तिथे गांधार म्हटले, तर एका घरात दोन गांधार आणि ऋषभाचा पाट रिकामा. या दुहेरी नावांमुळे ऋषभ-गांधाराच्या सहा जोड्या होतात, धैवत-निषादाच्याही सहा. मध्यम दोन. सहा साहे छत्तीस, दुणे 72. सतराव्या शतकात व्यंकटमखीने मांडलेले 72 मेळ ते हेच. आपल्यासारखे एका जागेला एकच नाव ठेवले, तर त्याच बारा पट्ट्यांतून 32 मेळ निघतात. (त्यांतून भातखंडे यांनी दहाच थाट घेतले, ही गोष्ट निराळी.) म्हणजे दुसऱ्या नावाने पेटीवर एकही पट्टी वाढवली नाही, पण मेळ मात्र चाळीस वाढवले.

नाव जागा सांगत नाही, नाते सांगते. 'अण्णा' हा शब्द पाहा ना. कानडी घरात तो थोरला भाऊ. आपल्या कितीतरी घरांत तो वडील, काका, नाहीतर आजोबासुद्धा. उच्चार तोच, पण हाक ऐकून कोणी वळून पाहायचे, हे घरावर ठरते.

शिवाय 'वस्तू एक' हे तरी कुठे खरे आहे? ती एक केली आहे, आपण, सोयीसाठी. पेटीच्या सुरावटीत सप्तकाचे 1200 सेंट धरून बारा सारखे भाग पाडतात, म्हणून काळी दोन 300 सेंटवर येते. षड्जाशी 6:5 या प्रमाणात मिळणारा शुद्ध कोमल गंधार सुमारे 316 वर असतो. शुद्ध तृतीयांशांच्या हिशेबाने डी शार्प सुमारे 275 वर पडतो. दोहोंत 41 सेंटांचे अंतर, आणि ते तयार कानाला सहज कळते. युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकांत काही वाद्यांच्या काळ्या पट्ट्या मधोमध चिरून दोन्ही सुरांना वेगळी जागा देत असत. पुढे सोय जिंकली. आपल्याकडे दरबारीचा आंदोलित गंधार पेटीवर सापडत नाही, हे दुखणे जुनेच. ऑल इंडिया रेडिओने 1940 साली पेटीवर बंदी घातली, ती 1971 साली शिथिल झाली. बंदी मला अतिरेकी वाटते. पेटीने किती घरांत गाणे नेले! पण तक्रार खोटी नव्हती.

सुरांचा हा हिशेब फार तर मैफलीत बोचतो. सोन्याच्या बाबतीत तोच घर फोडतो. तिथे गोष्ट उलटी आहे, नाव एक आणि वजने दोन. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, राणीछाप चांदीच्या रुपयाएवढा. असे 80 तोळे म्हणजे पक्का शेर, 933 ग्रॅम. 1956 च्या कायद्याने मेट्रिक वजने आली आणि शेर गेला तो नावासकट गेला. किलोला शेर समजून कोणी फसले नाही. तोळ्याचे नाव मात्र राहिले. आज सराफाकडे तोळा म्हटले की दहा ग्रॅम समजतात.

समजा, एखाद्या आजीने 1950 साली वहीत लिहून ठेवले आहे, 'थोरलीला पाच तोळे.' आज वाटणीच्या वेळी भाऊ 50 ग्रॅम मोजून देतात. कोणी खोटे बोललेले नाही. वहीतला शब्द पाळला, सराफाचा काटाही बरोबर. तरीही बहिणीचे 8.3 ग्रॅम गेले. चूक दाखवली की म्हणतात, "तोळा तो तोळाच, आता काय जुने उकरायचे?" नावे दोन, वस्तू एक, म्हणणारा समजूतदारपणा हाच. फक्त इथे तो भावांच्या फायद्याचा.

माझ्या मते तिला 58.3 ग्रॅम मिळाले पाहिजेत. आजी ती ओळ लिहीत होती तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे तराजूच्या दुसऱ्या पारड्यात पाच रुपये होते.